शेगडीची खोली

दोह्यात हिवाळा आधी कानाला कळतो. वर्षातले बहुतेक महिने गच्चीवर, भिंतीवर, बोळात घुरघुरणारे एसी एके दिवशी गप्प होतात आणि त्यांच्याखाली इतके दिवस दडपलेले आवाज हळूहळू वर येतात. पारव्यांचं घुमणं, शेजारच्या व्हिलात कुणीतरी लसूण ठेचतंय त्याचा ठोका, कोपऱ्यावरच्या मशिदीच्या दारात चपला काढल्याचा आवाज. आणि आमच्या घरातल्या माणसांचं बोलणं. ते ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं असं मला दर वर्षी वाटतं.

यंदा एसी थांबले त्या सकाळी मी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसले होते. अल हिलालच्या आमच्या गल्लीतून एक पिकअप गेली. मागे तंबूचे खांब, गुंडाळलेले गालिचे आणि वर जळाऊ लाकडाच्या मोळ्या. इथली मूळची माणसं थंडीची वाट बघत असतात. थंडी पडली की भरल्या घराला कुलूप लावून वाळवंटात जातात, तंबू ठोकतात, जाळ करतात आणि हौसेनं कुडकुडतात. आम्ही कुडकुडायला वाळवंटात जात नाही. आमच्याकडे त्याची सोय घरच्या घरी आहे.

त्या मोळ्या बघितल्या आणि पहिला हिवाळा आठवला. म्हणजे इथला पहिला. ज्या हिवाळ्यात माझ्यासाठी शेगडी निवडली गेली.

मी निफाडची. निफाडची थंडी पेपरात छापून येते. तिथे ऐन थंडीत लोक पहाटे उठून द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मंदार, माझा मुलगा, लहानपणी माझं बोट धरून ते बघायला यायचा आणि विचारायचा, आई, द्राक्षांना थंडी वाजते? मी म्हणायचे, वाजते, पण त्यांना बोलता येत नाही, म्हणून आपण समजून घ्यायचं. पोरगा मान हलवायचा. मला वाटायचं त्याला समजलं.

मंदारचे बाबा गेल्यावर तो म्हणाला, तिकडे एकटी राहू नकोस, दोह्याला ये. इकडे थंडी नसते, तुझे गुडघे बरे राहतील. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. उष्ण वाळवंटातल्या रात्री थंड असतात हा धडा मी पाचवीच्या वर्गाला इतक्या वेळा शिकवलाय की झोपेत म्हणून दाखवीन. मंदार माझ्याच वर्गात होता. त्या दिवशी गैरहजर असावा.

इथली घरं उन्हाशी भांडायला बांधलेली असतात. जाड भिंती, डोक्यावर उंच छत, पायाखाली संगमरवर. मे महिन्यात ही फरशी पायांना देवासारखी वाटते. जानेवारीत तीच फरशी पोटऱ्यांपर्यंत चढते. उत्तरेचा वारा सुटला, त्याला इथे शमाल म्हणतात, की खिडक्यांच्या फटींतून तो सरळ आत येतो आणि घरचा असल्यासारखा वावरतो. घर तापवायची सोय कुणाच्याही घरात नाही. महिना-दीड महिन्याची थंडी, तिच्यासाठी कोण काय करणार?

तेव्हा माझी खोली तळमजल्यावर होती. स्वयंपाकघराला लागून. खोली कसली, आधीच्या भाडेकरूंनी सामान ठेवायला केलेली असावी, पण मला ती फार आवडली होती. खाटेवर पडल्या पडल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. केतकी, माझी सून, ऑफिसातून आली की पर्स कुठे आपटते ते कळायचं. सानवी, नात, जिन्यावरून उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारते तो धप्प आवाज यायचा आणि दिवस पुढे सरकला असं वाटायचं. मला त्या घरात दुसरं काही नको होतं. हौसेचं कपाट नको होतं, टीव्ही नको होता. ती खोली हवी होती, म्हणजे घराच्या आत असणं हवं होतं.

आणि एक दिवस मी म्हणाले, मला थंडी वाजते.

वाजत होतीच. पण निफाडच्या बाईला ती सोसण्यासारखी होती. म्हातारं माणूस थंडी वाजते म्हणतं तेव्हा त्याला पांघरूण हवं असतं हे खरं, पण ते घालायला कुणीतरी यावं, पायाशी दोन मिनिटं टेकावं, तळव्यांना हात लावून बघावा, हेही हवं असतं. नाताळच्या सुट्टीत ही मंडळी निफाडला यायची तेव्हा सानवी माझ्या गोधडीत शिरून झोपायची. तिचे गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि हसायची. इथे तिची वर स्वतःची खोली होती. मी थंडी वाजते म्हणाले ते खरं तर त्या पायांसाठी. सानवीने वर न बघता सांगितलं, "इट्स नॉट दॅट कोल्ड, आजी." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. केतकीने दुसऱ्या दिवशी मोजे आणले, तळाला रबराचे ठिपके असलेले, म्हणजे मी घसरून पडणार नाही आणि तिची सुट्टी वाया जाणार नाही. आणि मंदारच्या डोळ्यांत चमक आली.

ती चमक मी ओळखते. मंदार गॅसच्या प्रकल्पात इंजिनिअर आहे. त्याला कुणी अडचण सांगितली की तो माणसाकडे बघत नाही, अडचणीकडे बघतो. विजेचे हीटर त्याने आधी लावून पाहिले, तर घराच्या जुन्या वायरिंगमुळे दोनदा फ्यूज उडाला आणि केतकीची भाताची मशीन अर्ध्यात थांबली. मग तो म्हणाला, लाकडाची शेगडी आणू. युरोपात असते तशी, धुराड्याची. म्हणजे कोरडी ऊब मिळेल, सांध्यांना चांगली. तो स्टोव्ह म्हणायचा, मी शेगडी म्हणायचे. नावावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

त्यानंतरचे काही आठवडे त्या घरातले सर्वांत सुखाचे दिवस होते. मी उपरोधाने म्हणत नाही. रोज जेवणं झाली की मंदार आणि केतकी सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसायची आणि एकाच फोनमध्ये शेगड्या बघायची. बिडाची, पोलादाची, पुढे काच असलेली, खाली लाकडं ठेवायला कोनाडा असलेली. एरवी ही दोघं एकमेकांशी वाणसामान आणि शाळेच्या बसपलीकडे बोलताना मी ऐकलेली नाहीत. शेगडीनं त्यांच्या संसारात ऊब आणली, ती पेटायच्या आधीच. मंदारने हॉलची लांबी, रुंदी, छताची उंची मोजली. किती किलोवॅटची लागेल याचा हिशेब केला. लाकूड किती ओलं चालेल, काच काळी पडू नये म्हणून हवा कुठून सोडायची, सगळं त्याने वाचून काढलं. आईला किती वेळा थंडी वाजते, कुठल्या वेळी, कशाने कमी होते, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

एकदा विचारलं. मला मध्ये बसवून फोन माझ्यापुढे धरला आणि केतकी म्हणाली, आई, तुम्ही सांगा कुठली, शेवटी तुमच्यासाठीच आहे. मी एक बुटकी, काळी, सपाट माथ्याची दाखवली. तिच्यावर चहाचं आधण ठेवता आलं असतं, एखादी भाकरी शेकता आली असती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लहान मुलाला फ्रॉक निवडायला सांगावा आणि त्याने भलताच निवडावा, तसं. मग काचेची घेतली. जाळ दिसायला हवा ना, केतकी म्हणाली.

शेगडी आली आणि मग घरमालक आले. खरं तर उलट व्हायला हवं होतं, पण मंदारला खात्री होती की इतकी साधी परवानगी कोण नाकारेल. घरमालक वयस्कर गृहस्थ, फार अदबशीर. छातीवर हात ठेवून त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला, शेगडीच्या बिडावरून कौतुकाने हात फिरवला आणि हसत हसत सांगितलं की घराच्या भिंतीला भोक पाडता येणार नाही. मग अंगणापलीकडे बोट दाखवलं. बाहेरच्या मजलिसमध्ये खिडकीतल्या जुन्या एसीचं भोक आहे, त्यातून धुराडं काढा. खलास.

मजलिस म्हणजे पाहुण्यांना बसवायची खोली. इथे पुष्कळ व्हिलांना ती घरापासून वेगळी असते, फाटकाजवळ, म्हणजे परक्या पुरुषांना घरात घ्यावं लागत नाही. आमच्याकडे तसे पाहुणे येत नाहीत, त्यामुळे तिथे सायकली, गणपतीचं मखर आणि फुटलेल्या सुटकेसी होत्या. शेजारी एक छोटी मोरी होती.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, शेगडी परत करू. पण शेगडी परत जाणार नव्हती, तिच्यावर दोघांचा जीव जडला होता. तिच्यासाठी जागा शोधणं आलं. मग जागेत कुणीतरी हवं, नाहीतर शेगडी कुणासाठी? आधी शेगडी ठरली, मग तिची जागा ठरली आणि सर्वांत शेवटी माझी. मंदार हे असं कधी मांडणार नाही. त्याला आजही वाटतं की त्याने आईसाठी शेगडी आणली. मी सांगते, त्याने शेगडीसाठी आई आणली.

अर्थात कुणी मला उठून जा म्हटलं नाही. आम्ही सुसंस्कृत माणसं आहोत. आधी ठरलं की आई संध्याकाळी तिथे बसेल. मग, दुपारीसुद्धा तिथेच पडेल, आत-बाहेर केल्याने थंडी बाधते. मग एके दिवशी शमाल जोरात होता, मंदार म्हणाला की इतक्या वाऱ्यात अंगण ओलांडून येण्यापेक्षा आई तिथेच झोपेल. बसेल, पडेल, झोपेल. तीन क्रियापदांत मी घराबाहेर गेले. खाट हलवताना मी विचारलं, परत आत कधी यायचं? मंदार वाकला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दवाखान्यातल्या पेशंटशी बोलतात त्या गोड आवाजात म्हणाला, "थंडी संपली की."

लाकूड आणायला एका शुक्रवारी सगळे अल रुवैसला गेलो होतो. पार उत्तरेला, समुद्राच्या टोकाला. बंदराजवळ एक जण चांगलं वाळलेलं लाकूड विकतो असं मंदारला कुणीतरी सांगितलं होतं. जाताना मी पुढे बसले होते, काचेतून सपाट, पिवळी जमीन बघत. भूगोलाच्या बाईला सपाट जमीनही बघवते. बंदरात लाकडी होड्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, जाळी वाळत होती, माशांचा वास येत होता आणि वारा असा की पदर हातात धरावा लागे. सानवी माझ्या कुशीत आली होती, वाऱ्याला घाबरून. तेवढं सुख त्या दिवशी मिळालं. परत निघताना लाकूड डिकीत मावेना. मंदारने मागची अर्धी सीट पाडली. केतकीला वळणांवर मळमळतं म्हणून ती पुढे, सानवी खिडकीशी, आणि मी मोळ्यांना खेटून, एक मोळी मांडीवर घेऊन. लाकडाला वळणावर इजा होऊ नये म्हणून मी तिला धरून बसले होते. मंदारने आरशातून बघून विचारलं, नीट आहे ना? मी म्हणाले, हो. तो लाकडाबद्दल विचारत होता.

आता खरं सांगते. शेगडी फार चांगली आहे. तिच्यावर राग काढावा असं काही तिच्यात नाही. लाकूड बाभळीसारखं टणक, लवकर पेटत नाही, पण एकदा धरलं की तासन् तास धुमसत राहतं. आधी बीड टिकटिक करतं, तापताना. मग काचेपलीकडे जाळ उभा राहतो, आधी पिवळा, मग तांबडा, मग नुसते निखारे. राखेचा तो वास निफाडच्या पहाटेचा आहे, त्यात मला घराच्या मागचं अंगण दिसतं. पाय तापतात, गुडघे सैल होतात, डोळे मिटतात. ऊब मिळते. ऊब देण्यात या घरानं कुठेच कसूर केली नाही.

पहिले काही दिवस सगळे माझ्याकडे यायचे. म्हणजे शेगडीकडे. सानवी काडीला गोड पांढरे गोळे लावून भाजायची. मंदार दार उघडून लाकूड रचायचा, कसं रचायचं ते मला शिकवायचा. मी चुलीवर वाढलेली बाई, मान डोलवायचे. मग शाळेच्या परीक्षा आल्या, ऑफिसचं काम आलं. मंदारने विषारी वायू ओळखणारं एक यंत्र भिंतीवर लावलं, आणि एक घंटी, माझ्या खाटेशी दाबली की स्वयंपाकघरात वाजणारी. सुरुवातीला मी दाबली की कुणीतरी यायचं. पुढे केतकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात करून विचारायची, काय हवं? काही नको असायचं. असं दोन-चारदा झालं की माणूस दाबायचं बंद करतो. मग घंटीचा सेल संपला, तो कुणी बदलला नाही. भिंतीवरच्या यंत्राचा मात्र न चुकता बदलतात. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

संक्रांतीला केतकीकडे हळदीकुंकू होतं. अल नस्र भागातून, आणखी कुठून कुठून बायका आल्या होत्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने. मी विधवा, तसंही त्या कार्यक्रमात माझं काही काम नव्हतं. आतलं हसणं मला अंगणातून ऐकू येत होतं. मग केतकी सगळ्यांना घेऊन शेगडी दाखवायला आली. बायका दारात उभ्या राहिल्या, काय मस्त वाटतंय म्हणाल्या, फोटो काढले. एकीने मला बाजूला सरकायला सांगितलं, काचेत माझी सावली येत होती. जाताना एक जण म्हणाली, काकू, तुम्ही किती लकी आहात. तिळगूळ माझ्या हातावर ठेवून, गोड बोलायला सांगून सगळ्या आत गेल्या.

थंडी संपली. इथे ती एका आठवड्यात संपते, निरोप न घेता. छपरावरचे एसी परत घुरघुरायला लागले त्या दिवशी मी उशी काखेत मारून अंगण ओलांडलं. माझ्या खोलीत टेबल होतं. टेबलावर दोन कॉम्प्युटर, फिरती खुर्ची, भिंतीला सानवीचं वेळापत्रक. माझी खाट गेली तेव्हा रिकामी जागा कशाला वाया घालवा म्हणून केलेलं. मी दारात उशी घेऊन उभी, आणि मंदार अवघडून म्हणाला, आई, टेबल हलवणं जरा अवघड आहे, सगळ्या वायरी भिंतीतून घेतल्यात. तसंही तिथे तुला प्रायव्हसी आहे. तिकडे एसी बसवून देतो.

बसवून दिला. नवा कोरा, बिनआवाजाचा. त्या उन्हाळ्यात शेगडीवर केतकीने प्लास्टिकच्या फुलांची परडी ठेवली. मी तिच्यासमोर बसून असायचे. तीही बिनकामाची, मीही. त्यानंतर आणखी एक हिवाळा आला आणि गेला. मी उशी घेऊन परत गेले नाही.

आणि यंदा शैलाताई आल्या.

शैलाताई म्हणजे केतकीची आई, माझ्या विहीणबाई. पुण्याच्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले, मुलगा ऑस्ट्रेलियात, त्याचं काही नक्की नाही. केतकी एकदाच पुण्याला जाऊन सगळं आवरून आली. आता मम्मी इथेच राहणार, तिने सांगितलं. मग एका दुपारी मी माझ्या पायरीवरून बघितलं, मंदार आणि आणखी कुणीतरी टेबल उचलून वर नेत होते. वायरी निघाल्या. खुर्ची गेली. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत खाट, नवं कपाट, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. जे टेबल हलत नव्हतं ते एका दुपारीत हललं. मला वाईट वाटलं म्हणणं फार सौम्य होईल. मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले.

शैलाताई स्वभावाने वाईट नाहीत. हे मी लिहून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको. पुण्याहून येताना त्यांनी मला आठवणीने बाकरवडी आणली, शाल आणली. पण दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीत येऊन, शेगडीला हात लावून त्या म्हणाल्या, "वसुधाताई, आमच्या केतकीने तुमच्यासाठी केवढं केलं हो. सख्खी मुलगी करणार नाही." मी हसून हो म्हणाले. त्या हसण्यातच सगळं ठरलं.

मला फार काही करावं लागलं नाही. घरानं मला रीत शिकवलीच होती. डिसेंबरात फरशी गार झाली तशा शैलाताई पाय पोटाशी घेऊन बसायला लागल्या. केतकीने त्यांनाही रबराच्या ठिपक्यांचे मोजे आणून दिले. मी म्हणाले, शैलाताई, संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसा ना, शेगडी असते. त्या बसायला लागल्या. मी लाकूड जरा जास्तच घालायचे, आलं घातलेला चहा करायचे, त्यांच्या पायांखाली उशी सरकवायचे. त्यांना बोलायला माणूस हवं होतं, आणि मी ऐकणारी होते. मग मी म्हणाले, दुपारी इथेच पडत जा, आत-बाहेर केल्याने थंडी बाधते. जेवणाच्या टेबलावर मी मंदारला सांगायचे, बघ, शैलाताईंचे गुडघे किती सुधारले. मंदारच्या डोळ्यांत ती चमक आली. त्याची अडचण सुटत होती.

केतकी मात्र मूर्ख नाही. एका दुपारी शैलाताई डुलक्या काढत असताना तिने मला अंगणात गाठलं. रांगोळीच्या डब्याशी काहीतरी करत असल्यासारखं केलं आणि मग सरळ विचारलं, "आई, हे तुम्ही मुद्दाम करताय ना?"

"काय करतेय? त्यांना थंडी वाजते, मी ऊब देतेय."

"मम्मी तिथे झोपणार नाही."

"का? तिथे काय वाईट आहे?"

एवढं उत्तर तिला माहीत होतं. बाहेर आहे, तिथली घंटी वाजत नाही, तिथून मारलेली हाक घरात पोचत नाही, तिथे माणूस ठेवला की विसरता येतो. यातलं एक वाक्य जरी ती बोलली असती ना, तर मी तिच्या आईला हात धरून आत नेऊन सोडलं असतं, शपथेवर सांगते. मी वाट बघितली. तिचे ओठ हलले.

"काही नाही," ती म्हणाली. "चांगलीच खोली आहे."

"मग?"

ती आत निघून गेली. मी तिला रडताना पूर्वी बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही बघितलं नाही, पण स्वयंपाकघरात नळ बराच वेळ चालू होता. एसी बंद असले की इतकं दूरचंही ऐकू येतं. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

परवा शमाल सुटला. दिवसभर खिडक्या वाजत होत्या, अंगणात बारीक वाळू फिरत होती. चहाच्या वेळी मंदारनेच काढलं, की मम्मी इतक्या वाऱ्यात ये-जा कशाला करतात, त्यांची खाट तिथेच टाकू, दोघींना सोबत होईल. शैलाताई संकोचल्या, पण खुशीतही होत्या. केतकी बशा विसळत होती, तिने मागे वळून बघितलं नाही. ऊन उतरेपर्यंत खाट अंगण ओलांडून आली. मंदारने पुढची बाजू धरली होती आणि मागची केतकीने. सानवी शैलाताईंची उशी घेऊन आली, तिने ती खाटेवर टाकली, जाळाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "सो कोझी, आजी. नाऊ यू हॅव अ रूममेट." मग ती पळत घरात गेली. तिच्यामागे दार लागलं.

मंदारने भिंतीवरचं यंत्र तपासलं, हिरवा दिवा बघितला आणि गेला. केतकी उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. तिच्या आईने तिला सांगितलं, जा गं, तुझा स्वयंपाक राहिला असेल, आम्ही मजेत आहोत. ती गेली. थोड्या वेळाने घरातून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. मला तो आवाज माहीत होता. टेबल परत खाली येत होतं.

शैलाताईंना तो कळला नाही. त्यांनी शाल पायांवर घेतली, शेगडीच्या काचेकडे बघितलं. बीड टिकटिक करत होतं. बाहेर वारा होता आणि आत छान ऊब होती. त्या म्हणाल्या, खरंच हो, बरं वाटतं. मग जरा वेळाने, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "वसुधाताई, पण परत आत कधी जायचं आपण?"

मी एक लाकूड उचलून आत सारलं आणि शेगडीचं दार लावून घेतलं. त्यांचे डोळे अगदी तसे होते, उशी काखेत मारून अंगण ओलांडणाऱ्या बाईचे. पण मी वाकले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्या मुलाच्या गोड आवाजात सांगितलं,

"थंडी संपली की."